देवपूरच्या फसफसत्या वाइनीची फत्ते

स्वस्ति. खानदेशप्रांती कसबे धुळे, पांझरा नदीपलीकडे देवपूर, तेथील नवलराव पाटील यांणी साध्या वाइनीस फेस आणावयाची मोहीम कैशी आरंभिली, तीत मुदपाकखाना कैसा बुडाला आणि अखेर यश कैसे पदरी पडले, तो मजकूर यथास्थित लिहितो. या मुलखात लढाया बहुत जाहल्या. परंतु इतक्या थोड्या कारणाने इतकी भिजलेली दुसरी जाहल्याचे ऐकिवात नाही.

नवलराव म्हणजे सरकारी कचेरीत पाणीपुरवठ्याचे वरिष्ठ कारकून. देह स्थूल, मिशी तलवारकट, पराक्रम काही नाही. त्यांचे कुटुंब नूतनबाई शाळेत चित्रकला शिकवीत. नूतनबाईंची थोरली बहीण कोकिळाबाई अमळनेरास दिली होती. तिचे यजमान समाधानराव, कापसाचे व्यापारी, हे नवलरावांचे साडू आणि जन्माचे गनीम. समाधानराव टूरवाल्यांबरोबर फ्रान्स मुलूख पाहून आले आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीस लागेनासे जाहले. मग त्यांचे घरी मेजवानी जाहली आणि तेथे समाधानरावांनी वाइन मांडली. नूतनबाईंनी भाबडेपणे पुसिले की, याची चव कैशी असते, एक घोट घेऊन पाहू काय? तेव्हा समाधानरावांनी भरल्या पंगतीत फर्माविले, "नूतन, ही साधी आहे. खरी ती फसफसणारी. ती तुम्हा लोकांना पचायची नाही, आणि कळायची तर नाहीच."

पंगत हसली. नूतनबाईंनी ग्लास खाली ठेविला आणि परतीच्या एसटीत देवपूर येईतो त्या खिडकीबाहेर पाहात राहिल्या. नवलरावांनी ते पाहिले आणि त्यांचे काळीज चरकले. आणि त्यांचे काळीज चरकले म्हणजे अक्कल रजेवर जावी, हा त्या घराण्याचा जुना रिवाज. सबब एसटीतच त्यांणी पण केला की, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी साडूस देवपुरी बोलावीन आणि घरी केलेली फसफसती वाइन पाजीन. तयार बाटली नाशकाहून आणिता आली असती. परंतु सरळ वाटेने जावे, तर ते नवलराव कसले?

मग खासे स्कूटरवर स्वार होऊन आग्रा रोडवर मांगीलालशेठांचे दुकानी दाखल जाहले आणि घरी सोडा करावयाचे यंत्र मागितले. मांगीलालशेठ पिढीजात जैन, दारूचे नाव निघाले तरी कान झाकणारे. सबब नवलरावांनी पाहुण्यांस लिंबू सोडा देण्याची थाप ठोकिली. शेठजींनी यंत्र बांधून देताना ताकीद दिली, "भाऊ, यात फक्त पाणी घालायचं हं. दुसरं काही घातलं तर वापस घेणार नाही." नवलरावांनी मान डोलाविली. आजवर कोणतीही सूचना त्यांणी मान डोलाविण्यापलीकडे मनावर घेतली नव्हती.

मग नूतनबाई शाळेत निकालाच्या कामास गेल्याची संधी साधून, वैशाखाच्या भर दुपारी, युद्ध मांडिले. तांबडी वाइन ओट्यावर सकाळपासून तापत पडली होती. ती बाटलीत गळ्यापर्यंत भरिली, बाटली यंत्रास जोडिली, आणि तोफेस बत्ती द्यावी तैसे बटण दाबून धरिले. यंत्र घुरघुरले, बाटली थरथरली, आणि नवलरावांनी उताविळपणे ती सोडविताच ऐसा स्फोट जाहला की वाइन छतास भिडली, तेथून पंख्यावर आली, आणि पंखा चालू असल्याकारणे चारी दिशांस समान वाटली गेली. नूतनबाईंनी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत स्वहस्ते रंगविलेला खिडकीचा पडदा गर्द जांभळा जाहला. सेनापती मिशीतून गळत उभे राहिले.

तोच नूतनबाई आल्या. एरवी त्या शाळेतले मराठी बोलत. त्यासमयी माहेरची अहिराणी उसळून आली. "हाई काय शे? मन्हा पडदा बठ्ठा खराब करी टाका!"

नवलराव वदले की, पाण्याचा प्रयोग करीत होतो.

"पाण्याला असा वास येतो?"

मग नाइलाजे त्यांणी अमळनेरच्या पंगतीपासून सारी कैफियत सांगितली. नूतनबाईंनी ती ऐकिली, पडदा काढिला, बादलीत भिजत घातिला आणि पाठमोऱ्याच पुसिले, "हे त्यांना दाखवायला चाललंय, की मला पाजायला?"

कचेरीत उत्तर न देण्याचा सारा जन्माचा सराव; तरी हा सवाल नवलरावांस टाळिता येईना. ते ओल्या फरशीवर बसून राहिले. इतकी वर्षे संसार केला, पण बायकोस काय हवे ते तिला पुसावे, हे सुचले नव्हते. साडूस काय खुपेल, इतकेच सुचले होते. त्यांस लाज वाटली, आणि लाजेने का होईना, डोके चालू लागले. सोड्याची बाटली तापली तर अंगावर येते आणि थंड असली तर निमूट राहते, हे उभ्या धुळ्यास ठाऊक असलेले गुपित त्यांस त्या दिवशी उमगले.

मग वाढदिवशी संध्याकाळी दुसरी मोहीम. या खेपेस पांढरी वाइन, फ्रिजमध्ये बोटे बधिर होईतो गार केलेली. बाटली अर्धीच भरिली, बटण हलके दाबिले, थांबले, पुन्हा दाबिले, आणि वायू हळूहळू सोडीत बाटली काढिली. आत बारीक बुडबुड्यांच्या माळा चढत होत्या. पाहुणे अद्याप यावयाचे होते. नवलरावांनी पहिला ग्लास नूतनबाईंपुढे धरिला.

नूतनबाईंनी घोट घेतला. बुडबुडे नाकात गेले, मोठी शिंक आली, आणि मग त्या ओट्यास टेकून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "गुदगुल्या होतात हो!" म्हणाल्या, आणि ग्लास पुढे केला.

पुढे अमळनेरची स्वारी दाखल जाहली. समाधानरावांनी ग्लास उजेडाकडे धरिला, हुंगिला, चाखिला आणि निवाडा दिला, "ठीक आहे. पण फ्रान्सची सर नाही."

तेव्हा कोकिळाबाई बोलिल्या, "अहो, तिथं तुम्ही कुठं प्यायलात? भाव ऐकून साधं पाणी मागितलंत. नुसता बाटलीपाशी उभं राहून फोटो काढला."

समाधानरावांनी छताकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, आणि अखेर हत्यार ठेवावे तैसा रिकामा ग्लास पुढे सरकविला. "थोडी टाका."

येणेप्रमाणे वैशाखमासी देवपूर मुक्कामी नवलराव पाटील यांची फत्ते जाहली, गनीम शरण आला, ऐसे येथे दाखल केले. विजयानंतर तरी शहाणपण येईल ऐशी आशा होती. परंतु पाहुणे वाटेस लागताच नूतनबाई यंत्रापाशी गेल्या, बाटली विसळली आणि यजमानांस आज्ञा केली, "ते ताक काढा बरं फ्रिजमधून. त्याला फेस येतो का बघू." खूळ एकाचे होते, ते दोघांचे जाहले.