खुशालरावांचा मैदा

विलायतेकडे कुठेशी लढाई जुंपली आणि नांदगावच्या खुशालरावांच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा हाती येताच त्यांनी घरात फर्मान काढलं.

"आजपासून जवारी गड्यायले आन् बैलायले. आपण मैद्याच्या पुऱ्या खाऊ."

"काहून?" मैनाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"पांढरा असते. मोठ्या लोकायचं खाणं हाय."

अकोल्याहून मैद्याची पोती आली. सकाळी पुऱ्या, संध्याकाळी पुऱ्या. काही दिवसांतच पहाटे लोटा घेऊन नाल्याकडे गेलेले खुशालराव उन्हं चढली तरी परतेनासे झाले. जेवलं की डोळ्यांवर झापड, थोड्या वेळात पुन्हा भूक, आणि पोट नगाऱ्यासारखं.

वैद्य पुंजारामबुवांनी पोट दाबून पाहिलं. "कोंडा चाळून फेकता, मंग पोट साफ कशानं होईन? जवारीची भाकर खा."

"गावाले काय सांगू?"

"गावाचं पोट दुखून नाही राहिलं."

खुशालरावांना पटलं, पण इलाज नव्हता. मोर्शीचे भगवंतराव आपल्या मुलासाठी त्यांची लेक पाहायला येणार होते. तेही कापसावरच वर आलेले. त्यांच्या ताटात भाकर वाढली तर सोयरीक मोडायची.

पाहुणे आले. पुऱ्यांचे ढीग वाढले गेले. "घ्या ना," खुशालराव आग्रह करत होते. "आमच्याकडे तं रोजच मैदा," भगवंतराव सांगत होते. आणि दोघेही एकेक पुरी ताटभर फिरवत होते.

जेवणानंतर पाहुणे ओसरीवर लवंडले. गोठ्यामागच्या खोपटात गड्यांची चूल होती, तिथून भाजत्या भाकरीचा वास आला आणि खुशालरावांना राहवेना. चोरपावलांनी ते तिकडे गेले नि दारातच थबकले.

आत भगवंतराव मांडी घालून बसले होते. हातात जाड भाकर, तोंडात ठेचा, डोळ्यांत पाणी. समोर मैनाबाई शांतपणे दुसरी भाकर थापत होत्या.

"बैल पाहाले आलतो," भगवंतराव म्हणाले.

"मीबी," म्हणत खुशालराव शेजारी टेकले.

मैनाबाईंनी त्यांच्याही हातावर भाकर ठेवली. "खा. घरचे सारे केव्हाचे हेच खाऊन राहिले. तुमालेच सांगतलं नोतं."

भाकरी संपता संपता सोयरीक पक्की झाली.

"लग्नात पंगतीले काय ठेवता?" भगवंतरावांनी हळूच विचारलं.

"मैद्याच्या पुऱ्या. नाहीतं लोकं काय म्हणतीन?"

भगवंतरावांनी जरा विचार केला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "पण मांडव गोठ्याजवळ घाला."