तेवीस नंबरला पहिला मान

"माझी नजर म्हणजे क्ष-किरण. फरक इतकाच, की क्ष-किरण चुकू शकतात," दंतवैद्यांच्या दवाखान्यात पाऊल टाकताच भावोजींनी जाहीर केले. सुजलेला गाल त्यांनी हाताने धरला होता. मेहुण्याने मान डोलावली. या स्वयंघोषित गुप्तहेराला बहीण दिलेली असल्यामुळे त्याने याहून मोठी वाक्ये गिळली होती.

प्रकरण असे होते. भेटीच्या वेळेप्रमाणे रुग्णांना नंबर मिळत. पण भिंतीवरचा संगणकाचा पडदा त्यांना भलत्याच क्रमाने आत बोलावी. काल नऊनंतर दोन, दोननंतर सोळा. स्वागतिका ओळखीच्यांना पुढे घुसवते, असा आळ आला होता. आज उलगडा झाला नाही तर उद्यापासून येऊ नका, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. तपासाच्या बदल्यात भावोजींची दाढ फुकट निघणार होती. त्यांनी सगळ्यांच्या आधी फोन करून नाव नोंदवले होते. वेळ मात्र शेवटची मिळाली, नंबर तेवीस.

रुग्णांना आत बोलावण्याची वेळ झाली आणि पडद्यावर झळकले: तेवीस.

"पाहिलंत, मेहुणे? यंत्रसुद्धा माणूस ओळखतं! पण आधी कर्तव्य, मग दाढ." भावोजींनी डोळे मिटले. "नऊ, दोन, सोळा. बेरीज सत्तावीस. दात बत्तीस. उरलेले पाच दात कुठे गेले?"

"इथे दात काढतातच, भावोजी."

"मध्ये बोलू नका. डॉक्टरांचा हा मदतनीस डावखुरा आहे, म्हणून नंबर उलटे पडतात."

"डावखुऱ्याने काय होतं?" मदतनीसाने विचारले.

"कबुलीजबाब!" भावोजी गरजले. "संशयितांना वयाने बसवा. थोरला आधी."

मेहुण्याने खुर्च्या मांडल्या. पहिला मदतनीस, मग स्वागतिका, शेवटी पडद्याचा प्रोग्राम लिहिणारा तरुण. भावोजींनी त्या ओळीकडे पाहिलेही नाही. खोलीत आधी आलेला म्हणून त्यांनी शेवटच्या प्रोग्रामरलाच धरले.

स्वागतिकेचा संयम सुटला. "अहो, ओळीने विचारायचंच नव्हतं, तर ओळ लावलीत कशाला?"

प्रोग्रामर खदखदून हसला, आणि अर्ध्यावरच थांबला. त्याने संगणक उघडला. डिक्शनरी नावाच्या कप्प्यात त्याने नंबर आणि त्यासमोर नाव अशा जोड्या ठेवल्या होत्या. ते नंबर चढत्या क्रमाने लावून वेगळी यादीही त्याने मोठ्या निगुतीने केली होती. पण नंबर पुकारताना प्रोग्राम फिरवला होता मूळ डिक्शनरीवरूनच, जिथे ज्याची नोंद आधी तो पुढे. क्रमाच्या यादीकडे त्या विद्वानाने पुन्हा ढुंकूनही पाहिले नव्हते.

"एकच शब्द बदलायचाय," तो पुटपुटला आणि त्याने तो बदललाही.

"आणि त्या एका शब्दापायी मी घरी बसणार होते?"

"बाई, उद्या वेळेवर या," आतल्या दारातून डोकावत डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून माफी एवढीच निघाली.

"ओळ मोडणं ही माझीच चाल होती," असे सांगून भावोजी गाल सावरत आतल्या दाराकडे निघाले. पडद्यावर झळकले: एक. कोपऱ्यातल्या आजीबाई उठल्या.

"आणि मी?"

"तेवीस," स्वागतिका मान वर न करता म्हणाली. "बसा. आता ओळीने."

मेहुण्याने त्यांना शेवटची खुर्ची दाखवली.