श्री लिहून एंटर

माझ्या डोक्याला तोड नाही, हे मी आधीच सांगून टाकतो! पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे मी. आमच्याकडे माऊसबिऊस लेचेपेचे लोक वापरतात. आम्ही काळ्या खिडकीत हुकूम टाइप करतो, एंटर मारतो आणि काम फत्ते! त्यातही लांबलचक हुकमाला छोटं टोपणनाव ठेवून देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सिद्रामप्पाला घरात 'सिदू' म्हणतात ना, तसंच हे. 'सिदू' म्हणून हाक मारली की अख्खे सिद्रामप्पा धोतरासकट हजर!

फक्त सोलापुरात या डोक्याची कुणाला किंमत नव्हती. माझे सासरे शिवयोगीमामा. नव्या पेठेत त्यांचं साड्यांचं दुकान. लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी 'पावणं'च! "पावणं, चहा घेतला काय?" "पावणं, परतीची गाडी कितीची?" दुकानातला म्हातारा नोकर चनमल्लप्पा, समोरचा पानवाला, दारात बसणारी मांजर, सगळ्यांना मामा नावानं हाक मारायचे. मी मात्र पावणं! एकदा तरी त्यांनी 'महेश्वर' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. हसू नका, जावई झाल्याशिवाय कळायचं नाही.

संधी आली. दुकानाचा वरचा मजला तयार झाला आणि मी आठवडाभराची रजा टाकून सोलापुरात दाखल झालो.

"मामा, बाराशे गिऱ्हाइकांना उद्घाटनाचं बोलावणं मी पाठवतो! एका शब्दात!"

माझा जुना लॅपटॉप मी दुकानात बसवला. मामांचा हात माऊसवर थरथरतो, म्हणून सगळी कामं टोपणनावांवर आणली. साड्यांची लेबलं छापायला एक अक्षर, माल बघायला एक अक्षर. आणि बोलावण्याच्या मेसेजला नाव काय दिलं असेल? श्री! मंगल कार्य, मंगल नाव. मेसेजही मीच लिहिला: 'उद्या सकाळी अकरा वाजता आमच्या दुकानी सहकुटुंब यावे. प्रत्येकास घरची शेंगाचटणी भेट. आपला, शिवयोगी.'

"मामा, इंग्रजीत श्री लिहा आणि एंटर मारा."

मामांनी अंगठीवालं बोट उचलून एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर काहीच दिसलं नाही. ती व्यवस्थाही माझीच! उगाच इंग्रजी ओळी भराभरा पळताना बघून मामा घाबरायला नकोत.

"गेलं?" मामांनी विचारलं.

"बाराशे जणांना!"

"श्री लिहून गेलं म्हणजे बरंच झालं की ओ, पावणं."

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती! सासूबाईंनी, म्हणजे गिरिजामामींनी, कुटलेली चटणी झाडून पुसून संपली. मी कॉलर ताठ करून जिन्यात उभा होतो.

तिसऱ्या दिवशी अकराला पुन्हा दीडशे माणसं आली.

"कार्यक्रम काल झाला," मी हात जोडून म्हणालो.

नीलम्मा नावाच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "काल कसा? कालच मेसेज आलाय की, उद्या या म्हणून! ते पण चारदा! एवढा आग्रह केल्यावर न्हाय कसं म्हणायचं?"

मी मनातल्या मनात मेसेज पोचवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या. आता उशिरा पोचवतात काय, गाढव कुठले!

"चटणी संपली म्हणून सांगू का?" मी मामांना विचारलं.

मामांचा चेहरा उतरला. "दुकानाच्या नावानं बोलावणं गेलंय. चाळीस वर्षांत बोलावून कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही मी. आता पाठवलं तर पेठेत तोंड कुठं दाखवू? गिरिजाला फोन लावा."

चौथ्या दिवशी तीनशे आले! घरात मिरचीचा खाट असा उठला की शेजारचेही शिंकायला लागले. मामी उखळापुढे घाम पुसत बसलेल्या.

"मामी, मिक्सरमधून काढू का?"

"मिक्सरची चटणी आमच्यात कुणाला देत न्हाईत!" मामींनी मुसळ माझ्यावर रोखलं. "आता आणखी एकदा माणसं आली ना, तर हे तुमच्या हातात देते. पावणं असा न्हाईतर कोण पण असा!"

काव्या, म्हणजे माझी बायको, शांतपणे शेंगदाणे भाजत म्हणाली, "अहो, तुमचा एक शब्द लई महागात पडायला लागलाय."

पेठेत लोक हसू लागले होते. शिवयोगींचं वय झालं, रोज उद्या-उद्या करतात, असं कुणीतरी मामांच्या कानावर घातलं. त्या रात्री मामा अर्ध्या ताटावरून उठले.

पाचव्या दिवशी मी सकाळीच मामांच्या शेजारी ठाण मांडलं. मामांनी हात धुतले. विभूती लावली. लॅपटॉपला उदबत्ती ओवाळली. काळी खिडकी उघडली आणि अंगठीवालं बोट पुढं झालं. श्री. एंटर! मग शांतपणे लेबलं छापायला घेतली.

"मामा! हे काय केलंत?"

"काय केलं? श्री लिहिलं."

"कशाला?"

मामा माझ्याकडं असं बघू लागले की जणू मी अंघोळ कशाला करता असं विचारलंय. "वहीचं नवं पान काढलं की वर श्री लिहायचं. आमच्या आजोबांपासून आहे. ही खिडकी म्हणजे पानच की!"

"दिवसातून किती वेळा उघडता?"

"तीन-चारदा. कधी पाच."

मी डोकं धरून खाली बसलो. ज्या माणसाचा हात श्रीशिवाय चालत नाही, त्याच्या हातात मीच श्री दिलं होतं! सगळं कबूल केलं. मामा रागावतील वाटलं होतं. ते नुसतं म्हणाले, "म्हणजे मी विसरत नव्हतो तर." आणि इतका मोठा श्वास सोडला की मलाच रडू फुटायला आलं.

सवय मोडणं शक्य नव्हतं. म्हणून मी हुकूम बदलला. आता श्री लिहिलं की पडद्यावर नुसतं मोठ्ठं 'श्री' उमटायचं. मामा खूश! राहिला बोलावण्याचा मेसेज. त्याला असं नाव हवं होतं, जे मामा उभ्या जन्मात टाइप करणार नाहीत. मला लगेच सुचलं. महेश्वर! तीन वर्षांत जे तोंडात आलं नाही, ते बोटात कशाला येईल? मामांना ते सांगितलंही नाही. 'पुढचा मेसेज मीच येऊन पाठवीन,' एवढंच म्हणालो. सहाव्या दिवशीच्या लोकांना शेवटची चटणी वाटली आणि आम्ही पुण्याला परतलो.

सोमवारी दुपारी मामांचा फोन आला.

"महेश्वर!"

मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. "मामा?"

"सगळा दोष तू आपल्या अंगावर घेतलास. पेठेत जाऊन दहा जणांना सांगितलंस, मामांची चूक नाही म्हणून. चनमल्लप्पानं सांगितलं मला. आता तू पावणं कसला? घरचा तू. आजपासून श्रीच्या खाली तुझं नाव लिहितोय बघ. चनमल्लप्पाला तुमच्या लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेवरून स्पेलिंग काढायला लावलं."

मी खुर्चीभोवती एक गिरकी घेतली. मग 'लिहितोय' हा शब्द डोक्यात शिरला.

"लिहून... एंटर मारलंत?"

"मग! चार खिडक्या झाल्या सकाळपासून."

मागून चनमल्लप्पा ओरडला, "मालक, उद्या किती वाजता म्हणून नीलम्माबाई विचारायल्यात!"

खरं सांगतो, 'माझं नाव लिहू नका' हे शब्द जिभेवर आले होते. पण तीन वर्षं वाट बघितलेलं ते नाव होतं हो! बाहेर पडले ते भलतेच शब्द. "लिहीत जा, मामा," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि सोलापूरची गाडी पकडली. लॅपटॉप आता मी लांबूनही दुरुस्त करू शकलो असतो. पण बाराशे जणांना 'उद्या' सांगून झालं होतं, आणि चटणी कुटायला हात हवे होते. पोचलो तेव्हा मामी मुसळ घेऊन दारातच उभ्या होत्या.