कालव्यातली रिकामी बोट

एका जंगलात, कालव्याच्या काठच्या बाभळीवर दोन कावळे बोलत होते. "बोट येतेय, पण आत एकही जीव नाही. नुसते..." तेवढ्यात कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकला आणि दोघे उडाले.

बाळांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी टिटवी. साळिंदरांच्या बिळाला लागूनच माझं घरटं. दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला सवय नाही, पण त्यांच्या दारातलं मला बसल्या जागी दिसतं, त्याला मी काय करू?

त्या दिवशी भानुदास साळिंदराच्या लेकाचं बारसं होतं. मुहूर्त दुपारी बाराचा. पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या. नाव मात्र एकट्या आत्याला ठाऊक होतं, आणि आत्या बोटीत होती.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं. मुहूर्त टळला तर पुढचा थेट दोन महिन्यांनी. तोवर पोराला नुसतं "ए" म्हणायचं.

मी लगेच भानुदासाला सांगितलं, "भाऊ, घाबरू नका. बोट रिकामी येतेय. बहुतेक सगळे बुडाले."

भानुदास म्हणाला, "काकू, तुम्ही जरा उडून बघून या ना."

गेलेही असते. पण पाळण्याशेजारची पहिली जागा मी सकाळपासून धरून ठेवली होती. उठले असते तर सशीण बसली असती. म्हणून मी धीर दिला. "आत्या नसली तर शेजारीण चालते. माझ्याकडे नाव तयार आहे. सुवर्णपंख."

"पण ह्याला पंख नाहीत."

"येतील हो. अजून लहान आहे."

आता तिकडे बोटीत काय झालं ते ऐका. हे मी नंतर चौघांना विचारून जुळवलंय.

बोट चालवणारा गणूतात्या पाणमांजर. अर्ध्या वाटेवर इंजिनानं दोन ठसके दिले, थोडा काळा धूर सोडला आणि ते गप्प झालं. तात्यानं झाकण उघडलं.

"पट्टा तुटलाय," तो म्हणाला. "नवा मिळायला दोन दिवस."

बगळे मास्तर म्हणाले, "आमच्या साडूच्या पंपाला असंच झालं होतं. त्यानं सुतळी बांधली."

सुतळी बांधली. सुतळी जळाली. मास्तर म्हणाले, साडूचीही जळाली होती.

"दोर लावून काठावरून ओढू," तात्या म्हणाला. "तासाभरात पोहोचतो. पण सगळ्यांनी उतरा. भरलेली बोट हलायची नाही."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी दगडूआप्पा रेड्याकडे पाहिलं. तो एकटा बोट ओढेल असा होता. पण त्याची जागा कडेची होती, वाऱ्याची.

"मी उठलो की मास्तर सरकणार," आप्पा म्हणाला.

"मी कशाला सरकू? मला वाऱ्यानं सर्दी होते."

"मघापासून तीनदा विचारलंत, कुठे उतरणार म्हणून."

असा अर्धा तास गेला. ऊन डोक्यावर यायला लागलं. आत्याला डोळ्यांसमोर पाळणा दिसत होता. त्यात एक बिननावाचं पोर, आणि त्याच्या कानाशी वाकलेली मी. मला ती चांगली ओळखते.

आत्या उठली. पाठीतला एक काटा काढून तिनं आपल्या फळीवर रोवला. "ही माझी जागा. मी चालले उतरून."

"आम्हाला काटे कुठे आहेत?" मास्तर म्हणाले.

"रुमाल असतील ना, गुरुजी?"

एवढं सोपं होतं. पटापट रुमाल पडले. आप्पानं टॉवेल अंथरला, दोन जागांचा. मास्तर म्हणाले, रुमाल राखायला कुणीतरी थांबावं. त्यावर सगळेच थांबायला तयार झाले, म्हणून कुणालाच थांबू दिलं नाही. मग दोर आप्पाच्या खांद्यावर गेला, बाकीच्यांनी मागून धरला आणि बोट निघाली.

आता तुम्ही विचाराल, काठानं वाट होती, तर आत्या तडक चालत का नाही आली? बाळांनो, बोटीत हक्काची जागा असताना चालत कोण जातं?

बाराला पाच कमी असताना मी पाळण्यात वाकले. "सु" म्हटलं, आणि दारातून आवाज आला, "टिटवे, उठ तिथनं."

आत्या घामानं निथळत होती. तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. मृदुल. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत आहे, पण त्या पाठीवर हात टाकायला कुणी पुढे आलं नाही. मी उठले होते. जागेवर सशीण बसली.

घुगऱ्या खाऊन मंडळी परत बोटीकडे गेली, आपापले रुमाल तिथेच आहेत ना बघायला.

मी कावळ्याला गाठलं. "नुसते काय रे?"

"नुसते रुमाल. ते ऐटीत बसले होते, आणि प्रवासी ओढत होते."

म्हणजे बोट रिकामी होती हे खरं. बुडालं मात्र कुणी नाही. बातमी निम्मी खरी निघाली. माझ्या मानानं हे पुष्कळ झालं.

तात्पर्य, पाटीवर लिहून घ्या: पायी जायची वेळ आली तर आधी बसायची जागा धरून ठेवावी. नुसतं चालणाऱ्याला कुणी विचारत नाही. आपली रिकामी जागा ओढत चालणाऱ्याला प्रवासी म्हणतात.