मानसशास्त्राचा पेपर आणि पायमशीन

टेलरची मुलगी मानसशास्त्रात नापास झाली, त्या दिवशी घरात कोणाचं कशात लक्ष लागेना. टेलर एकाच खिशाची शिलाई पुन्हा पुन्हा उसवत बसला आणि त्याच्या बायकोने भाजी करपवली. मुलगी ढ नव्हती हो. बारावीनंतर दुसऱ्या शहरात जायचं आणि मुलांच्या मनाचं शास्त्र शिकायचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. नेमका तोच विषय आडवा आला. आता पुन्हा परीक्षा होती, आणि या वेळीही गाडं अडलं तर जन्मभर दुकानात काज-बटणं करायची, हे न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं.

"अगं, घरी तर घडाघडा म्हणून दाखवतेस. मग तिथे काय होतं तुला?" आईने विचारलं.

"तिथे फार शांत असतं गं," मुलगी म्हणाली. "पेपर हातात आला की डोकं एकदम कोरं."

शांततेमुळे कोणी नापास होतं हे आईने कधी ऐकलं नव्हतं. पण खुलासा सापडला तो दगा देणाऱ्या त्याच पुस्तकात. स्मृतीच्या धड्यात लिहिलं होतं, की माणूस ज्या वातावरणात पाठ करतो, त्याच वातावरणात त्याला ते चटकन आठवतं. आणि मुलीचा सगळा अभ्यास बाबांच्या मशीनशेजारी, कापडाच्या ठाणांना टेकून झालेला. घर आणि दुकान एकाच खोलीत. मशीनची खडखड, तेलाचा वास आणि अधूनमधून टेलरची हाक, "बाळा, कात्री." पुस्तकातून मान वर न काढता ती हात लांब करायची आणि कात्री बरोबर त्याच्या हातात पडायची.

"म्हणजे माझ्या मशीनने तुला नापास केलं?" टेलरचा चेहरा पडला. त्याने तिथल्या तिथे मशीनवर चादर टाकली.

झालं उलटंच. सामसूम खोलीत मुलीला नवीन एक ओळही पाठ होईना. गिऱ्हाइकं दारात येऊन थांबू लागली. नव्या नोकरीवर हजर व्हायचं असलेला एक जण तर पँटीशिवाय हलायलाच तयार नव्हता.

"अहो, काढा ती चादर," बायको म्हणाली. "नाहीतर पोरगीही बसेल घरी आणि तुम्हीही."

मग तिनेच तोडगा काढला. मशीन नेता येत नाही, निदान वास तरी न्यावा. पेपरच्या दिवशी तिने मुलीच्या रुमालावर मशीनचं तेल शिंपडलं. वर्गावरच्या बाईंनी तो रुमाल दारातच धरला.

"हे काय आहे?"

"मशीनचं तेल, बाई."

"कशाला?"

"आठवायला."

बाईंनी आजवर कॉपीचे नाना प्रकार पकडले होते. या प्रकाराला नियम सापडेना, म्हणून त्यांनी रुमाल चिमटीत धरून टेबलाच्या खणात टाकला. मुलगी बाकावर बसली, पेपर हातात आला आणि डोकं कोरं झालं. तिने नाव-नंबर लिहिला आणि ती कोऱ्या पानाकडे बघत राहिली.

तेवढ्यात खिडकीखालून खडखड सुरू झाली. टेलरचा रुमालावर भरवसा नव्हता. त्याने पायमशीन हातगाडीवर चढवून शाळेच्या भिंतीशी आणलं होतं आणि शिवायला काहीच नव्हतं म्हणून तो स्वतःचाच सदरा काढून, बनियनवर बसून, शिवलेल्या शिलाईवर शिलाई मारत होता.

वर वर्गात मुलीचं पेन धावू लागलं.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापक तावातावाने खाली आले. "परीक्षा चालू आहे इथे! बंद करा हे!"

मशीन थांबलं. वर पेनही अर्ध्या वाक्यात थांबलं.

"साहेब, पोरगी आत आहे हो माझी," टेलर हात जोडून म्हणाला. "मशीन बंद झालं की तिला काही आठवत नाही."

मुख्याध्यापकांनी त्याला वेड्यातच काढलं असतं. पण मागून शाळेचा शिपाई पुढे सरकला. त्याच्या बोटाला भलंमोठं बँडेज होतं.

"सर, उत्तरपत्रिकांच्या पिशव्या अजून शिवायच्यात," तो हळूच म्हणाला. "कापड पडून आहे. माझं बोट हे असं."

मुख्याध्यापकांनी बोटाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. पेपर संपायच्या आत पिशव्या हव्याच होत्या.

"मग इथे रस्त्यात काय बसलात?" ते टेलरवरच ओरडले. "वर घ्या! आणि आधी सदरा घाला."

मशीन वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात आलं. "सर, आवाजाचा त्रास होतोय," एका मुलाने तक्रार केली. "परीक्षेचंच काम आहे ते," असं त्याला गंभीरपणे सांगण्यात आलं.

पायडल मारताना टेलरला पुरतं कळत होतं, की पेपर जितका चांगला जाईल तितकी पोरगी लांब जाणार. तरी त्याने पाय थांबवला नाही. पिशवीचा दोरा कापायची वेळ आली आणि सवयीने तो म्हणून गेला, "बाळा, कात्री."

आत मुलीने मान वर न काढता डावा हात लांब केला. बाईंना वाटलं, पुरवणी हवी आहे. त्यांनी हातात पुरवणी ठेवली. मुलीने तीही भरून काढली.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि बॅग भरून दुसऱ्या शहरात गेली. नंतर दुकानात विचित्र प्रकार होऊ लागले. एका शर्टाचा खिसा पाठीवर निघाला. एका पँटीचा एक पाय आखूड झाला.

"अहो, चित्त कुठे असतं तुमचं?" बायको वैतागली. "काय होतंय काय तुम्हाला?"

टेलरने मशीनच्या चाकावरून हात फिरवला.

"इथे फार शांत असतं गं," तो म्हणाला.

बायको उठली. तिने फळीवरून मुलीचं जुनं पुस्तक काढलं, ठाणांना टेकून बसली आणि अडखळत स्मृतीचा धडा मोठ्याने वाचायला लागली. जरा वेळाने पायडल हललं. शिलाई सरळ पडू लागली.

"बाळा, कात्री," टेलर म्हणाला.

बायकोने मान वर न काढता कात्री त्याच्या हातात दिली आणि पुढची ओळ वाचली.