गवई डॉक्टर आणि नळ्यांचा फोटो

आमच्या सेंटरमध्ये सोनोग्राफी एका बाईची असते, पण पाणी सगळं खानदान पितं.

वाशीमला गवई डॉक्टरांचं एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर आहे. तिथं मी रिपोर्ट टाइप करते. पोटावरून गर्भाशय बघायचं तर लघवीची पिशवी तट्ट भरलेली लागते, म्हणून बाईला भरपूर पाणी पाजून बसवतात. डॉक्टर मात्र तिच्या नवऱ्यापुढे, सासूपुढेही तांब्या ठेवतात. "तिनं एकटीनंच काहून तरास काढावा? प्या! अन् तिच्या आधी कोनी उठायचं नाई." कारंज्याचे एक जाडजूड व्यापारी असे मांड्या आवळून बसले होते, की शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "साहेब, माह्यं राहू द्या, आधी यायले सोडा!"

मशीनशीही ते बोलतात. पडदा धूसर झाला, की "काहून रुसली व?" नळ्यांचा एक्स-रे असला, की विचारूच नका. त्यात बारीक नळीतून गर्भाशयात औषध सोडतात. फोटोत ते पांढरं दिसतं, आणि गर्भनलिका मोकळ्या असतील तर दोन्ही टोकांतून बाहेर सांडतं. ते सांडलं, की डॉक्टर आतून ओरडतात, "पाट वाहून राह्यला!" जणू स्वतःच्याच वावरात पाणी आलं.

मागच्या महिन्यात नळ्यांच्या एक्स-रेसाठी इंझोरीची एक सून आली. सोबत नवरा आणि सासू. सासूनं माझ्या टेबलापाशीच सुरू केलं, "हिच्यातच खोट हाय. आता दुसरी पाहा लागते." नवरा मोबाइलमध्ये.

आतून "पाट वाहून राह्यला!" ऐकू आलं. पण डॉक्टर बाहेर आले ते न हसता. सुनेला विचारलं, "दाखवू का यायले?" तिनं मान हलवली. मग उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून म्हणाले, "हे पाहा मावशी, दोन्हीकडून मोकळं हाय. आता पोराले तपासा."

सासू भडकली. "माह्या पोराले? तुमाले किती लेकरं हायत, डॉक्टर?"

"एकबी नाई." डॉक्टर फिल्मकडेच बघत होते. "आमच्या घरीबी आधी बायकोलेच तपासलं. तिचं असंच मोकळं होतं. कमी माह्यात निघाली, मावशी. पन लोकायचं बोलनं तिनंच ऐकलं."

इतकी वर्षं तिथं काम करून मला हे ठाऊक नव्हतं.

सासूनं पुढे होऊन फिल्म नीट बघितली. मग मुलाला म्हणाली, "ठेव तो मोबाइल. तुयी तपासनी कुठं होते ते इचार."

ते गेल्यावर डॉक्टर आत गेले. दाराआडून त्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज आला.

"जेवली का तू?... नाई व, काई नाई. असाच केला."