आवाहन चादरींचं, ढीग छत्र्यांचा

आवाजकाकांनी नवी कवळी बसवली त्याच आठवड्यात मागच्या गल्लीला आग लागली, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आवाजकाका म्हणजे बसस्थानकावरचे निवृत्त उद्घोषक. उभी हयात त्यांनी काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठून सुटणार ते सांगितलं. त्यांच्या तोंडचा 'श' आणि 'ष' डोळे मिटूनही वेगळा ओळखू यायचा. पण कवळी बसली आणि सगळी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. दंतवैद्य म्हणाले, "होईल सवय." काकू म्हणाल्या, "कोणाला?"

त्या दिवसापासून काकांनी बाहेर बोलणंच सोडलं होतं. पण आग लागली तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं. माणसं सगळी वाचली, घरं मात्र गेली. अख्खी गल्ली खेळाच्या हॉलमध्ये येऊन पडली. खाली गार फरशी, वर उंच पत्रा आणि नेसत्या कपड्यांनिशी निघालेली कुटुंबं. कोपऱ्यावर दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी रातोरात समिती काढली. समितीपुढं कामं दोनच. एक म्हणजे या माणसांची आजची सोय बघायची. दुसरं म्हणजे त्याच गल्लीत त्यांना पुन्हा घरं बांधून देतो असं नगरसेवकांकडून वदवून घ्यायचं. पहिलं अवघड होतं. दुसरं त्याहून. नगरसेवक प्रत्येक वेळी "बघू" म्हणायचे, आणि त्यांचं बघणं शहराच्या पार टोकाला असलेल्या ओसाड चाळींकडे होतं.

"काका, लोकांना आवाहन करायचं तर तुम्हीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचा शब्द लोक ऐकतात. फरशी फार गार आहे हो. चादरी मागा."

काका गहिवरले. पण आवाज रेकॉर्ड करून पाठवायची त्यांची छाती होईना आणि फोनवर टाइप करायचं म्हणजे एका ओळीला अर्धा तास. मग भाच्यानं शिकवलेला उपाय त्यांना आठवला. आपण बोलायचं, फोन लिहून घेतो. काकांनी दार लावून घेतलं, घसा खाकरला आणि जुन्या थाटात सांगायला सुरुवात केली.

"नागरिकांनो, आज संध्याकाळपर्यंत घरातली एक तरी चादर हॉलवर आणून द्या. जुनी चालेल, फाटकी नको. दोन माणसांना पुरेल अशी असेल तर उत्तम. कृपया धुऊन, घडी घालून आणावी."

कवळीनं 'चादर' शब्दाचं काय केलं ते कवळीलाच ठाऊक. फोनला ऐकू आलं 'छत्री'. काकांनी न वाचताच मजकूर समितीच्या सगळ्या समर्थकांना धाडला. आपण बोललेलं तपासून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. एक चांगलं काम झालं म्हणून ते समाधानानं आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला.

उठून ते हॉलवर पोचले तेव्हा दारात एक शिंपी ओली छत्री निथळवत उभा होता.

"धुऊन आणलीय, काका," तो म्हणाला. "फक्त ही घडीची नाहीये. लांब दांड्याची आहे. चालेल ना?"

"छत्री?" काका म्हणाले.

"दोघं आरामात मावतात हो! बायकोला घेऊन बघितलं मी."

त्याच्यामागे रांग होती. केस कापणारे, शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांच्यामागे बेकरीवाला. प्रत्येकाच्या हातात छत्री, वर आभाळ कोरडं ठणठणीत. पावसाला अजून कित्येक महिने होते. आत भिंतीशी काळ्या, फुलाफुलांच्या, लहान मुलांच्या, वर सशाचे कान असलेल्या अशा छत्र्यांचा ढीग लागला होता, आणि ढिगाशेजारी डॉक्टरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचा फोन काकांच्या नाकापुढं धरला.

काकांनी वाचलं. पायाखालची फरशी त्यांना आणखीच गार वाटायला लागली.

"दुरुस्ती करतो!" ते म्हणाले. "आत्ता, लगेच!"

आणि घाईघाईनं बाहेर जाऊन फोनला म्हणाले, "छत्र्या नकोत. मोठ्या चादरी हव्यात."

फोननं इमानदारीनं लिहून पाठवलं, "छत्र्या नकोत. मोठ्या छत्र्या हव्यात."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. फळवाल्यानं गाडीवरची रंगीत छत्री उपटून आणली. चहाच्या दुकानवाल्यानं अंगणातल्या टेबलांवरच्या मोठ्या छत्र्या हातगाडीवर घालून पाठवल्या. फोटो काढणाऱ्यानं आपल्या स्टुडिओतली चंदेरी अस्तराची छत्री आणली आणि बजावलं, "हिच्यात उजेड छान परावर्तित होतो." कोणी बंदुकीसारखी छत्री खांद्यावर टाकून आलं, कोणी दोघं मिळून एक उचलून आलं.

काका प्रत्येकाच्या हातातली छत्री घेत होते आणि मेल्याहून मेल्यासारखे होत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. त्यांनी फळवाल्याचा हात धरला.

"अहो, एवढ्या कोरड्या हवेत छत्री कशाला, असं तुम्हाला वाटलं नाही?"

"वाटलं की," फळवाला म्हणाला. "पण म्हटलं, काका मागताहेत म्हणजे काहीतरी असणार. ज्यांचं घर जळलं त्यांना विचारत बसायचं का, की छत्री कशाला पाहिजे?"

काकांचे डोळे भरून आले. ही माणसं भर उन्हात डोक्यावरचं छत उपटून घेऊन आली होती आणि एकानंही 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

इकडे डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर तपासून, चादरींचा निरोप पाठवला. "आता छत्र्यांचं काय करायचं ते तुम्हीच बघा," त्या काकांना म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचे ओठ थरथरत होते, पण ते हसू दाबण्याच्या प्रयत्नात.

तेवढ्यात गल्लीतली एक सून बिचकत काकांजवळ आली. तिच्या कडेवर तान्ही मुलगी होती.

"काका, एक छत्री घेऊ का? वरचे दिवे बंद करत नाहीत रात्री, सगळ्या दिव्यांना मिळून एकच बटण आहे म्हणे. ही डोळ्याला डोळा लावत नाही. आणि..." तिनं आवाज खाली आणला. "हिला पाजायला कुठं आडोसाच नाही हो. कालपासून मी भिंतीकडे तोंड करून बसतेय."

काकांनी फळवाल्याची छत्री उचलली आणि तिच्या अंथरुणाशी नेऊन उघडली. आडवी केली. छत्रीमागे सून दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं पोरीचं रडणंही थांबलं.

हॉलमधल्या सगळ्या बायकांनी एकदम त्या छत्रीकडे पाहिलं. मग ढिगाकडे.

बघता बघता ढीग उतरला. टेबलांवरच्या मोठ्या छत्र्या आडव्या ठेवून भिंती झाल्या, लहान छत्र्या दोरीनं बांधून दारं झाली. एका आजोबांनी डोक्याशी छत्री लावून आगीनंतरची पहिली झोप काढली. मुलींना कपडे बदलायला जागा झाली. चंदेरी छत्रीत दिव्याचा उजेड धरून दोन बहिणी परीक्षेचा अभ्यास करायला बसल्या. एक बाई तर दुसरीच्या छत्रीवर टिचकी मारून म्हणाली, "आहात का घरी?" आणि आतून आवाज आला, "या की, उघडंच आहे!" आग लागल्यापासून हॉलमध्ये कोणी हसल्याचं काकांना आठवत नव्हतं.

हे सगळं आत चाललं असताना बाहेर एक वेगळाच गोंधळ शिजत होता. नगरसेवकांचं कार्यालय हॉलच्याच रस्त्यावर होतं. दुपारपासून ते खिडकीतून बघत होते. लख्ख उन्हात माणसं छत्र्या घेऊन चालली होती. शिंपी, मुख्याध्यापिका, बेकरीवाला... सगळेच मतदार. पहिल्यांदा त्यांना वाटलं, कोणाकडे तरी सेल लागलाय. मग मोठ्या छत्र्यांची हातगाडी गेली आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

"हे आंदोलन आहे," ते स्वीय सहायकाला म्हणाले. "छप्पर द्या म्हणून छत्री. काय डोकं आहे! कोणी काढलं असेल हे?"

"बसस्थानकावरच्या काकांच्या नावानं निरोप फिरतोय, साहेब."

"तरीच तो माणूस आठवडाभर तोंड उघडत नव्हता!"

नगरसेवक चालतच हॉलवर आले आणि दारातच थबकले. समोर छत्र्यांचं अख्खं गाव वसलं होतं. त्यांनी काकांपुढं हात जोडले. "काका, इतकं टोकाला जायची काय गरज होती? मी बघतो म्हटलं होतं ना?"

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. "साहेब, अहो, मी तर चादरी..."

"छत्र्या दिसताहेत मला. पोचलं, काका, पोचलं!"

डॉक्टरबाई पुढं झाल्या. त्यांनी काकांना हलकेच मागं सारलं. "साहेब, बघण्याचं झालं. आता घरं त्याच गल्लीत, आणि कधीपर्यंत, ते लोकांसमोर बोला."

नगरसेवकांनी मागं वळून पाहिलं. दारात छत्र्या देऊन गेलेले लोक पुन्हा गोळा झाले होते, या वेळी हातात चादरी घेऊन. डॉक्टरबाईंचा निरोप पोचला होता. एवढी गर्दी बघून नगरसेवक मोठ्यानं म्हणाले, "त्याच गल्लीत! शब्द देतो!"

टाळ्या झाल्या. चादरी आत गेल्या. समितीतल्या एकानं जाहीर केलं, "मंडळी, छत्र्यांचं काम आता चादरींनी भागेल. ज्यांना न्यायच्या असतील त्यांनी न्या."

कोणी हललं नाही. मग गर्दीतून वाचनालयाच्या म्हाताऱ्या ग्रंथपालबाई पुढं आल्या. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून त्या नेहमी मोठ्यानं बोलत. त्यांची काळी, लाकडी मुठीची छत्री एका कोपऱ्यात उघडी होती. काका ती आणायला गेले, तर तिच्याखाली एक लहान मुलगा मूठ घट्ट धरून झोपलेला. काका तसेच परतले.

"बाई, तो उठला की मी स्वतः घरी आणून देतो."

"कशाला?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. "त्याला घर मिळाल्यावर नेईन मी. आत्ता कुठला पाऊस?" मग त्या नगरसेवकांकडे वळल्या. "पण पावसाळ्यात मला माझी छत्री लागते हं, साहेब. भिजले की मला बाधतं. त्याच्या आत यांच्या डोक्यावर छप्पर आलं पाहिजे."

"माझी पण पावसाळ्यातच नेईन," शिंपी म्हणाला.

"आमच्याही राहू द्यात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मागून बेकरीवाल्यानं मान हलवली, आणि मग सगळ्या रांगेनं.

नगरसेवकांनी हॉलभर नजर फिरवली. ते मनातल्या मनात छत्र्या मोजत होते आणि प्रत्येक छत्रीमागे किती मतं ते ताडत होते. मग ते दाराशी गेले, मान वर करून निरभ्र आभाळाकडे बराच वेळ बघत राहिले आणि सहायकाला म्हणाले, "इंजिनियरला फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

काका भिंतीला टेकून उभे होते. आभार मानायचे होते, पण कोणाकोणाचे मानायचे? ग्रंथपालबाई त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी सगळा धीर गोळा केला आणि कवळीसकट, जमेल तसं म्हणाले, "बाई, फार उपकार झाले."

बाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

"उपकार!"

"उपाशी? मग आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून बाईंनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, फोडला आणि निम्मी बिस्किटं काकांच्या ओंजळीत ठेवली. काकांनी दुरुस्ती केली नाही. ते तिथंच फरशीवर बसले आणि मुलगा जागा होऊ नये म्हणून अगदी हळू, आवाज न करता, एकेक बिस्किट खाऊ लागले.